टांगलेला दिवा आणि त्याचा भार

घरातील ज्या वस्तू रोज उपयोगी पडतात आणि तरीही कोणाच्या नजरेत भरत नाहीत, अशा वस्तूंमध्ये छताला टांगलेल्या दिव्याची गणना करावी लागेल. सायंकाळी कळ दाबली की तो उजळतो आणि रात्री कळ दाबली की मालवतो. यापलीकडे त्याची विचारपूस होत नाही. मग एके दिवशी जळमटे काढताना झाडूचा धक्का लागतो आणि ध्यानात येते की, दिव्याचा गोल लाकडी ठोकळा छतापासून अर्धे बोट सुटला आहे, दोन स्क्रूंपैकी एक हाताने सहज फिरतो आहे आणि भोकातून चुन्याची भुकटी गळते आहे. अशा वेळी पुष्कळ घरांत एकच उपाय केला जातो. स्क्रू पुन्हा आवळतात. तो बसला नाही, तर भोकात काडेपेटीच्या दोन काड्या कोंबून वर स्क्रू पिळतात. दिवा सरळ होतो आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पुढील उन्हाळ्यात तो पुन्हा लोंबू लागतो.

असे का होते, याचा शोध घेऊ लागले म्हणजे एका साध्या दिव्यामागे दगड, लाकूड, चुना, लोखंड, तांबे आणि वीज इतक्यांचे गुणधर्म उभे असल्याचे दिसून येते. सैल दिव्यात बहुधा एक नव्हे, तर दोन दोष असतात. पहिला सैलपणा भाराचा : दिव्याचे वजन ज्याने पेलावयाचे, त्याची पकड सुटलेली असते. दुसरा सैलपणा प्रवाहाचा : वीज ज्या जोडातून वाहावयाची, तो जोड ढिला झालेला असतो. पहिला डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. आणि आग लागते ती बहुधा न दिसणाऱ्या दोषामुळे. म्हणून दुरुस्तीचे सूत्र असे सांगता येईल की, वजन छताच्या सांगाड्याने पेलावे आणि तारेने केवळ प्रवाह वाहावा. एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडले की अपघाताची पूर्वतयारी झाली, असे समजावे.

झाशीची छते

या विषयाच्या अभ्यासाला झाशी हे नगर विशेष सोयीचे आहे. ओरछ्याचा राजा बीरसिंह देव याने १६१३ साली येथे किल्ला बांधला. १७४२ मध्ये मराठ्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर येथे आले व त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे गेली. त्या घराण्यातील दुसरे रघुनाथराव यांचा वाडा आज राणी महाल या नावाने ओळखला जातो. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून याच वाड्यात राहावयास आल्या. सपाट छताची ही दुमजली वास्तू आता पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालील संग्रहालय आहे. अशा संरक्षित वास्तूच्या छताला कोणी खासगी रीतीने खिळा ठोकू शकत नाही, हे उघड आहे. परंतु जुन्या शहरात सामान्य कुटुंबांची जी घरे आहेत, त्यांच्या छतांवर मात्र स्क्रू, खिळे आणि तारा यांची झोड कितीतरी वेळा उठलेली असते.

ही छते स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार दगडी पट्ट्यांचा. विंध्य पर्वताच्या रांगांतील वालुकाश्म थराथरांनी सुटतो. त्याच्या लांबट, सपाट शिळा तुळयांवर किंवा भिंतींवर शेजारी शेजारी मांडावयाच्या आणि त्यांवर चुन्याचा व विटांच्या तुकड्यांचा थर ठोकून बसवावयाचा, ही बुंदेलखंडातील जुनी रीत आहे. या शिळांना तेथे 'पटिया' म्हणतात. दुसरा प्रकार लाकडी तुळयांचा : तुळयांवर कड्या किंवा फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दख्खनच्या वाचकाला माळवदाच्या ओळखीमुळे हे छत परके वाटणार नाही. तिसरा प्रकार लोखंडी गर्डरांचा. १८८० नंतरच्या दशकात इंडियन मिडलंड रेल्वेचे काम सुरू झाले आणि झाशी हे रेल्वेचे मोठे ठाणे बनले. रेल्वेबरोबर लोखंड आले आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बसकी कमान घालून छत करण्याची पद्धत उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र पसरली.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ही घरे बांधली गेली, तेव्हा त्यांच्या छतांतून विजेचा दिवा लोंबणार आहे, ही कल्पना बांधणाऱ्यांच्या मनात नव्हती. वीज नंतर आली. तिच्यासाठी छताला लाकडी पट्ट्या ठोकल्या गेल्या, त्यांवरून तारा नेल्या गेल्या आणि जेथे दिवा हवा, तेथे एक गोल लाकडी ठोकळा बसविला गेला. तो ठोकळा कशाला धरून आहे, हे खालून दिसत नाही. चुन्याने रंगविलेले पांढरेशुभ्र छत खाली उभ्या असलेल्या माणसाला सर्वत्र सारखेच दिसते. त्यामागे एका ठिकाणी अखंड दगड असतो, दुसऱ्या ठिकाणी दोन शिळांमधील सांधा आणि तिसऱ्या ठिकाणी केवळ बोटभर गिलावा.

टांगणे आणि पकडणे

मराठी वाड्यांतील झोपाळ्याची कडी ज्याने निरखून पाहिली असेल, त्याला पुढील मुद्दा सहज पटेल. ती कडी तुळईत खालून ठोकलेली नसते. तिचा दांडा तुळईतून आरपार वर गेलेला असतो आणि वर लोखंडी पट्टी व पाचर घालून अडविलेला असतो. झोपाळ्यावर चार माणसे बसली, तरी कडी निसटण्यासाठी एकतर लोखंड तुटले पाहिजे किंवा तुळई मोडली पाहिजे. याला टांगणे म्हणावे. याउलट छतात खालून भोक पाडून त्यात लाकडाची पाचर, म्हणजे कारागिरांच्या बोलीत 'गिट्टी', ठोकायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा, याला पकडणे म्हणावे. येथे वजन पेलणारी शक्ती म्हणजे भोकाच्या कडा आणि गिट्टी यांच्यामधील घर्षण होय. घर्षण दाबावर अवलंबून असते. दाब नाहीसा झाला की घर्षण नाहीसे होते आणि दिवा खाली येतो. त्यासाठी काही तुटावे किंवा मोडावे लागत नाही.

भिंतीवरील चित्र आणि छतावरील दिवा यांतील भेदही येथे लक्षात घेतला पाहिजे. भिंतीतील स्क्रूवर चित्राचा भार आडवा पडतो. स्क्रू थोडा सैल असला, तरी तो भोकाच्या खालच्या कडेवर टेकून राहतो. छतातील स्क्रूवर मात्र भार सरळ त्याच्या लांबीच्या दिशेने, त्याला उपटून काढण्याच्या दिशेने, अहोरात्र काम करीत असतो. म्हणून भिंतीला जी पकड पुरते, ती छताला पुरेलच असे नाही.

पकडीची ही अडचण जगभर जाणवलेली आहे. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराकडे १९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे बसविण्याचे काम आले. भिंतींना फारशी इजा होता कामा नये, अशी अट होती. लाकडी गिट्टीसाठी मोठे भोक पाडावे लागते. ते टाळण्यासाठी त्याने तागाच्या धाग्यांची लहानशी नळी वापरली. हे धागे जनावरांच्या रक्ताने चिकटविलेले असत. स्क्रू आत शिरला की नळी फुगे आणि भोकाच्या कडांना सर्व बाजूंनी सारखी रेटून धरी. १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर याने याच तत्त्वावर नायलॉनची नळी बनविली. आज बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची गिट्टी तिच्याच कुळातील आहे. तागाच्या जागी नायलॉन आले, तरी तत्त्व बदलले नाही : ही गिट्टीदेखील पकडते, टांगत नाही, आणि पकड टिकण्यासाठी भोवतालचा पदार्थ घट्ट व अखंड असावा लागतो. भुसभुशीत चुन्यात उत्तम गिट्टीही निरुपयोगी ठरते.

ऋतूंची उलाढाल

आता दिवा उन्हाळ्यातच का सैल होतो, हे पाहू. झाशीचा उन्हाळा प्रखर असतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे तेथे नवलाचे नाही. हिवाळ्यातील पहाटे मात्र ते १० अंशांच्या खाली उतरते. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे शाळेतील विद्यार्थीही जाणतो. म्हणून स्क्रू तापून सैल होत असावा, असा तर्क प्रथम मनात येतो. पण गणित केले की हा तर्क टिकत नाही. ५ मिलिमीटर जाडीचा पोलादी स्क्रू ४० अंशांनी तापला, तर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतकीच वाढते. एवढ्याशा फरकाने दिवा लोंबणार नाही.

खरा कारभार हवेतील ओलाव्याचा असतो. लाकूड पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते. हा फरक तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असतो. पण तंतूंच्या आडव्या दिशेने, सागवानासारख्या स्थिर मानलेल्या लाकडातही, तो एक-दीड टक्क्यापर्यंत जाऊ शकतो. २ सेंटिमीटर जाडीच्या गिट्टीत हा फरक ०.२ ते ०.३ मिलिमीटर होतो. म्हणजे स्क्रूच्या प्रसरणाच्या जवळजवळ शंभरपट. भोक दगडातील असेल, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला बाहेर सरकायला जागा मिळत नाही. त्याचे तंतू आतल्या आत चेपले जातात. चेपलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मग उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की ते मूळच्या आकाराहून लहान भरते. दरवर्षी हीच क्रिया घडते आणि फट थोडीथोडी वाढत जाते.

शेतकऱ्याला हे शास्त्र वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. उन्हाळ्यात कुदळीचा दांडा हलू लागला की कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि दांडा घट्ट होतो. पण तोच दांडा वाळला की पूर्वीपेक्षा अधिक सैल होतो, हाही अनुभव त्याला असतो. काडेपेटीच्या काड्यांचा उपाय का टिकत नाही, याचे उत्तर येथेच मिळते. काडीचे लाकूड मऊ आणि सच्छिद्र असते. ते लवकर फुगते, लवकर चेपते आणि लवकर वाळते.

लोखंड आणि ओलावा यांचा संबंध याहून गंभीर असतो. छत गळत असेल, तर दगडातील लोखंडी खिळा गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि दगडाला आतून रेटू लागतो. अशा रेट्याने शिळेचा कपचा निघतो किंवा तिला चीर पडते. म्हणून छतावर ओलाव्याचा डाग असेल, तर दिव्याची दुरुस्ती नंतर करावी आणि गळती आधी थांबवावी.

दगडात भोक कोठे पाडावे?

दगड दाबाला बलवान आणि ताणाला दुबळा असतो. वालुकाश्माची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी भरते. दोन टोकांवर टेकलेली शिळा स्वतःच्या आणि वरील थराच्या वजनाने किंचित वाकते. तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते व खालची बाजू ताणली जाते. तुळईच्या बळाचा गणिती विचार गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. ताण आणि दाब यांची वाटणी मात्र त्याच्या नंतरच्या शास्त्रज्ञांनी नीट उलगडली. त्या गणिताचा निष्कर्ष घरधन्याच्या थेट उपयोगाचा आहे. भार सर्वत्र सारखा असेल, तर वाकविणारा जोर शिळेच्या मध्यभागी सर्वांत अधिक असतो. टोकापासून लांबीच्या एक-दशांश अंतरावर तो मध्याच्या केवळ ३६ टक्के उरतो.

याचा अर्थ असा की, खोलीच्या मध्यभागी दिवा शोभून दिसतो, पण शिळेच्या मध्यभागी, तिच्या खालच्या ताणलेल्या बाजूवर यंत्राचे हातोडीसारखे ठोके देऊन भोक पाडणे हे सर्वांत धोक्याचे आहे. किलोभर वजनाच्या दिव्याने शिळा मोडत नाही. ती मोडते ठोक्यांनी, खोल भोकाने आणि जुन्या चिरेने. शिळेची जाडी पुष्कळदा दोन-तीन इंचच असते. शक्य असेल तेथे तुळईचा किंवा गर्डरचा आधार घ्यावा आणि तेथून तार खोलीच्या मध्यापर्यंत आणावी. लोखंडी गर्डर असेल, तर त्याच्या खालच्या पाकळीला दोन बाजूंनी आवळणारी पकडपट्टी बसवावी; भोक पाडण्याचे कारणच उरत नाही. लाकडी तुळई असेल, तर आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून मग लांब स्क्रू पिळावा, म्हणजे लाकूड फाटत नाही. शिळेलाच धरावयाचे झाले, तर भोक टोकाजवळ, सांध्यापासून दूर, ठोके न देता केवळ फिरणाऱ्या सामत्याने व उथळ पाडावे.

प्रवाहाचा सैलपणा

आता दुसऱ्या, न दिसणाऱ्या सैलपणाकडे वळू. २३० व्होल्ट दाबावर ६० वॉटच्या दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह सैल जोडातून गेला, तरी फारशी उष्णता निर्माण होत नाही. पण जुन्या घरांत छतावरील दिव्याच्या पेटीतून केवळ त्या दिव्याचाच प्रवाह वाहतो, असे नसते. पुष्कळदा परतीची, म्हणजे न्यूट्रल तार एका दिव्यावरून पुढच्या दिव्याकडे आणि तेथून पुढच्या खोलीच्या फलकाकडे नेलेली असते. समजा, त्या फलकावर कोणी १,००० वॉटची इस्त्री लावली. तिचा सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह या खोलीतील दिव्याच्या स्क्रूखालून परत जातो. त्या जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम असला, तरी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तेथे सुमारे ९.५ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची लहान डागणी २५ वॉटची असते आणि तिने कथील वितळते. तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, वाळलेल्या लाकडी ठोकळ्याला चिकटून, तासन् तास साठत राहते.

येथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असणे अगत्याचे आहे. अशा वेळी फ्यूज वितळत नाही आणि एमसीबीही पडत नाही. ही दोन्ही साधने प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच काम करतात. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही. उलट किंचित घटतो. गळणारा प्रवाह ओळखणारे आरसीसीबी हे साधनदेखील येथे गप्प राहते, कारण प्रवाह कोठेही गळत नसतो. म्हणजे या दोषाची सूचना देणारे यंत्र सामान्य घरात नसते. सूचना देतात ती माणसाची इंद्रिये : दिव्याचे अकारण मिचमिचणे, कानाला लागणारी बारीक चरचर, जळक्या रबराचा वास, ठोकळ्याभोवती उमटलेले तपकिरी वर्तुळ. यांपैकी एक जरी चिन्ह दिसले, तरी तो दिवा त्या दिवसापासून वापरू नये.

तारांचे वयही विचारात घ्यावे लागते. जुन्या तारांवर गंधक मिसळून टिकाऊ केलेल्या रबराचे आवरण असे. ही प्रक्रिया चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये शोधली. गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देत. काही दशकांच्या उष्णतेने हे रबर ठिसूळ होते आणि तार वाकविताच त्याचे तुकडे पडतात. १९६० नंतरच्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते व जोड आपोआप ढिला होतो. शिवाय त्याच्या पृष्ठावर वीज अडविणारा भस्माचा पातळ थर चटकन जमतो. आज ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ६० वॉटच्या जुन्या दिव्याइतका उजेड देतो आणि होल्डर फारच कमी तापवितो, ही इष्ट गोष्ट आहे. पण जुन्या दिव्याने तीस-चाळीस वर्षांत जे आवरण भाजून ठेवले आहे, ते नव्या दिव्याने बरे होत नाही.

दुरुस्तीचा क्रम

तारांचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, हे सर्वांत श्रेयस्कर. तथापि काय केले जात आहे आणि का, हे घरच्या माणसांना समजले पाहिजे. तरच काम नीट झाले की नाही, हे त्यांना पारखता येईल.

प्रथम मुख्य कळ बंद करावी. केवळ दिव्याची कळ बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरात ती कळ चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेली असू शकते. तसे असेल, तर दिवा विझला तरी होल्डरमध्ये पूर्ण विद्युद्दाब कायम राहतो. शिवाय पुढच्या खोलीतील इस्त्री चालू असताना न्यूट्रल तारेचा जोड सोडला, तर निरुपद्रवी समजली जाणारी ती तारच त्या क्षणी घातक बनते. टेस्टर चालू स्थितीत आहे की नाही, हे आधी वीज असलेल्या जागी पाहावे, मग दिव्याच्या तारांना लावावा आणि शेवटी पुन्हा वीज असलेल्या जागी लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर आणि वीज नसलेली तार यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. शिडी लाकडाची असावी, ती धरण्यास दुसरे माणूस असावे आणि मुख्य कळ कोणी अजाणता लावू नये, अशी तजवीज असावी.

दिवा उतरविताना एका हाताने त्याचे वजन पेलून धरावे. ते तारांवर येऊ देऊ नये. ठोकळा निघाल्यावर सामत्याच्या मुठीने छत हलकेच ठोकून ऐकावे. भरीव आवाज आला, तर मागे दगड किंवा लाकूड आहे. पोकळ आवाज आला, तर गिलावा छतापासून सुटला आहे. सुटलेला गिलावा काढून टाकावा आणि ती जागा पुन्हा चुन्यानेच भरावी. जुन्या मऊ चुन्यावर कडक सिमेंटचा थर नीट नांदत नाही. तो ओलावा आत कोंडतो आणि काही काळाने कपच्यांनी सुटतो. मोठे झालेले जुने भोक पुन्हा वापरू नये. आधार कोठे आहे, हे ठरवून तेथे नवी पकड बसवावी.

पकड बसल्यावर दिवा लगेच टांगू नये. दिवा तराजूत तोलावा आणि त्याच्या पाचपट वजनाची वाळूची पिशवी त्या जागी एक दिवस लोंबत ठेवावी. खाली कोणी बसू नये. पिशवी तसूभरही खाली आली नाही, तर आधार विश्वासाचा समजावा. मात्र दिव्यासाठी पारखलेल्या आधाराला पंखा कधीही लावू नये. पंखा दिव्याहून कितीतरी जड असतो आणि मिनिटाला तीनशेहून अधिक फेरे घेताना छताला सतत हादरे देतो. असे हादरे घट्ट आवळलेले स्क्रूही हळूहळू फिरवितात. त्याच शिळेवर पंखा असेल, तर दिव्याच्या पकडीत स्प्रिंग वॉशर घालावा.

शेवटी तारांची जोडणी. ठिसूळ आवरणाची किंवा काळवंडलेली तार चांगल्या भागापर्यंत कापून टाकावी. तशी तार उरत नसेल, तर नवी ओढावी. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना नुसते पिळून जोडू नये. त्यासाठी योग्य जोडणी मिळते. धातूच्या दिव्याला भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची तार हवीच. जुन्या घरात ती नसेल, तर प्लॅस्टिकचे आवरण असलेला दिवा निवडावा. दिवा तारेवर लोंबणारा असेल, तर अनुभवी कारागीर सीलिंग रोजच्या आत तारेला एक गाठ मारतात. नवशिक्याला ती निरर्थक वाटते. पण ती गाठ झाकणाच्या भोकावर टेकते आणि होल्डर व दिवा यांचे वजन स्वतःवर घेते. वरच्या लहान स्क्रूंना केवळ प्रवाहाचे काम उरते. भार एकाचा आणि प्रवाह दुसऱ्याचा, ही विभागणी त्या एका गाठीत साधलेली असते.

वीज सुरू केल्यावर तासाभराने ती पुन्हा बंद करावी व ठोकळ्याला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर जोड अजून सैल आहे. सर्व ठीक असले, तरी वर्षातून एकदा तपासणी करणे अवश्य आहे. पावसाळा संपून हवा कोरडी होऊ लागते आणि दिवाळीपूर्वी घरे झाडली जातात, तो काळ यास योग्य होय. मुख्य कळ बंद करून शिडीवर चढावे, ठोकळा हलतो का पाहावे, स्क्रू अर्धा फेरा आवळून घ्यावेत आणि छताकडे निरखून पाहावे. ज्या दिव्याखाली घरातील मुले अभ्यासाला बसतात, त्याच्यासाठी वर्षातील हा अर्धा तास कोणत्याही घराला जड जाऊ नये.